फुगवायची मोटरबोट : बुडण्यापेक्षा वाहून जाण्याचा धोका मोठा

हवा भरून फुगवायची छोटी मोटरबोट पहिल्यांदा पाण्यात ढकलणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच धास्ती असते, ती ट्यूब फुटण्याची. ही धास्ती स्वाभाविक असली तरी खरा धोका तिथे नाही. चांगल्या बनावटीच्या बोटीची ट्यूब बाहेरून सलग दिसली तरी आतून पडदे घालून तिचे स्वतंत्र कप्पे केलेले असतात आणि एका कप्प्यातली हवा पूर्ण गेली तरी उरलेले कप्पे माणसांना तरंगत ठेवतात. खरा धोका आहे तो या बोटीच्या हलकेपणात. तीन मीटर लांबीची रिकामी बोट दोन माणसे उचलून नेऊ शकतात. तिचा फार थोडा भाग पाण्याखाली असतो आणि वाऱ्याला मात्र तिची सगळी उंची सापडते. म्हणून या बोटीच्या बाबतीत दोन प्रसंगांची काळजी सर्वांत आधी करायला हवी : माणूस बोटीपासून वेगळा होणे, आणि माणसांसकट बोट किनाऱ्यापासून दूर वाहत जाणे. पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट या दोहोंपैकी एक प्रसंग टाळण्यासाठी, किंवा तो ओढवलाच तर निभावून नेण्यासाठी आहे.

निघण्यापूर्वी

ट्यूबमध्ये हवा पुरेशी आहे की नाही हे अंगठ्याने दाबून ठरवू नये. बहुतेक बोटींच्या मुख्य ट्यूबला 0.2 ते 0.25 बार, म्हणजे साधारण 3 ते 3.6 पीएसआय, इतका दाब लागतो. फुगवायचा कडक तळ असेल तर त्याला याच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक दाब लागू शकतो. नेमका आकडा उत्पादकाने दिलेला असतो आणि तो दाबमापक लावूनच पाहायचा असतो. इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. समजा, 35 अंश सेल्सिअसच्या उन्हात तुम्ही ट्यूबमध्ये 0.25 बार दाब भरला आणि बोट 20 अंशांच्या पाण्यात सोडली, तर आतली हवा थंड होताच तो दाब सुमारे 0.19 बारवर येतो. म्हणजे कुठेही गळती नसताना चौथा हिस्सा दाब गेलेला असतो. म्हणून बोट पाण्यात सोडल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी दाब पुन्हा तपासून हवा भरावी. उलट, पाण्यावरून आणलेली बोट वाळूवर उन्हात ठेवणार असाल तर थोडी हवा आधीच सोडून द्यावी, कारण तिथे दाब वाढत जातो आणि त्याचा ताण सांध्यांवर येतो. हवा कमी असलेली बोट लाटेवर मधोमध वाकते, इंजिन धरून ठेवणारी मागची फळी हलू लागते आणि वळताना बोट भलतीकडेच घसरते.

बोटीवरच्या पाटीवर माणसे किती, एकूण वजन किती आणि इंजिन जास्तीत जास्त किती अश्वशक्तीचे, हे लिहिलेले असते. त्यातल्या एकूण वजनात माणसांबरोबर सामान धरले जाते, आणि इंजिन व इंधन त्यात धरले आहे की वेगळे, हे पाटीवरच वाचून घ्यावे. एकट्याने बोट चालवताना वजनाचा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. चालक मागे, इंजिन मागे आणि इंधनाची टाकीही मागे, अशी मांडणी असली की पुढचा भाग हवेत उचलला जातो; समोरून वारा असेल किंवा लाटेच्या माथ्यावरून वेगात उडी बसली, तर वारा तळाखाली शिरून बोट सरळ मागे उलटवू शकतो. टाकी, नांगर आणि इतर जड सामान पुढे बांधून ठेवणे आणि वेग हळूहळू वाढवणे, एवढ्याने हा धोका पुष्कळ कमी होतो. इंजिनाच्या दांड्याला जोडायची लांब मूठ मिळते. ती लावली की चालकाला स्वतःलाही पुढे सरकून बसता येते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती बोटीच्या तळाशी साठून राहते. सुटी टाकी भरायची असेल तेव्हा ती बोटीतून काढून किनाऱ्यावर, जमिनीवर ठेवूनच भरावी. स्थिर विजेची ठिणगी पडण्याची शक्यता त्यामुळे कमी होते आणि सांडलेले पेट्रोल ट्यूबवरही येत नाही. इंधनाचा हिशेब करताना एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेले एक तृतीयांश अडीअडचणीसाठी धरावे. परतताना वारा समोरून असेल तर तेच अंतर तोडायला जास्त इंधन लागते, हे ध्यानात घेतले की शेवटचा हिस्सा वायफळ वाटत नाही.

लाइफ जॅकेट बोटीत असणे पुरेसे नाही. ते अंगावर असायला हवे, त्याचे पट्टे आवळलेले असायला हवेत आणि शक्यतो पायांमधून जाणारा पट्टाही लावलेला असायला हवा, नाहीतर पाण्यात पडताच जॅकेट वर सरकून तोंडाशी येते. जॅकेटवर न्यूटनमध्ये लिहिलेला आकडा त्याची तरंगवण्याची ताकद सांगतो. 50 न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसाला आधार देते. 150 न्यूटनचे जॅकेट बेशुद्ध माणसालाही उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी बनवलेले असते. मुलांसाठी त्यांच्या वजनाचेच जॅकेट हवे; मोठ्या माणसाचे जॅकेट आवळून घातले तरी मूल त्यातून खाली निसटू शकते.

लाल दोरी

आता ज्या वस्तूविषयी सर्वांत आग्रहाने लिहावेसे वाटते ती वस्तू : इंजिनाला लावलेली, बहुधा लाल रंगाची, वेटोळ्यांची दोरी. तिला किल कॉर्ड म्हणतात. तिचे एक टोक इंजिनावरच्या किल स्विचमध्ये अडकवलेले असते आणि दुसरे चालकाच्या अंगाला. चालक जागेवरून फेकला गेला की दोरी ताणली जाते, चिमटा निसटतो आणि इंजिन तत्क्षणी बंद पडते. ही दोरी नसेल तर काय होते ते समजून घ्यायला हवे. हात सुटलेले इंजिन सरळ राहत नाही. ते एका बाजूला वळते आणि चालक नसलेली बोट गोल गोल फिरू लागते. म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसापासून दूर जाण्याऐवजी ती फिरत्या पंख्यासह पुन्हा पुन्हा त्याच्याच दिशेने येते. मे 2013 मध्ये इंग्लंडमधील पॅडस्टोजवळ कडक तळाच्या एका वेगवान रबरी बोटीतून एक संपूर्ण कुटुंब, सहा जण, पाण्यात फेकले गेले. किल कॉर्ड चालवणाऱ्याच्या अंगाला जोडलेली नव्हती. बोट फिरत फिरत त्यांच्यावर येत राहिली आणि दोघांचा जीव गेला. अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांपेक्षा लहान असलेल्या, किल स्विच बसवलेल्या बहुतेक मोटरबोटींवर ही दोरी जोडूनच वेगात जाण्याचे बंधन आहे. मात्र जिथे असे बंधन नाही तिथेही ही सवय कायद्याची वाट न पाहता लावून घ्यावी.

दोरी मांडीभोवती, गुडघ्याच्या वर, एक वेढा घेऊन तिच्याच कडीत अडकवावी. ती सुकाणूच्या दांड्यात किंवा सामानात गुंतत नाही ना, हे एकदा हात मागे-पुढे करून पाहावे. निघण्यापूर्वी इंजिन सुरू करून दोरी ओढावी आणि इंजिन खरोखर बंद पडते याची खात्री करून घ्यावी. मिठाने गंजलेला स्विच अडकून बसलेला असू शकतो. आणखी एक गोष्ट, जिचा विचार क्वचितच केला जातो : चालक दोरीसकट पाण्यात पडला, तर मागे राहिलेल्यांना इंजिन सुरू करता येत नाही, कारण चिमटा चालकाबरोबर गेलेला असतो. म्हणून दुसरी दोरी बोटीतच, सर्वांना ठाऊक असलेल्या जागी बांधून ठेवावी आणि ती कशी लावायची हे निदान एका सोबत्याला तरी प्रत्यक्ष करायला लावून शिकवावे.

ट्यूबवर पुढच्या टोकाला पाय सोडून बसणे अनेकांना आवडते. बोटीने लाटेवर आपटी खाल्ली की तिथला माणूस पुढे पडतो आणि बोट त्याच्यावरून जाते. पंखा सगळ्यात शेवटी असतो. वेगात असताना सर्वांनी आत, दोर धरून बसावे.

वारा आणि इतर बोटी

किनाऱ्यावरून पाण्याकडे वाहणारा वारा फसवा असतो. काठावर उभे राहून पाहिले तर पाणी सपाट दिसते, कारण वाऱ्याला लाट उठवायला तिथे अंतरच मिळालेले नसते. जसजसे आत जावे तसतसा वारा आणि लाट दोन्ही वाढत जातात, आणि इंजिन बंद पडले तर हाच वारा बोटीला उघड्या पाण्याकडे नेतो. समुद्रावर रात्री आणि पहाटे वाहणारे मतलई वारे याच दिशेचे असतात. उलट, दुपारचे खारे वारे बोटीला किनाऱ्याकडे ढकलतात, पण त्यांचा जोर वाढत जातो आणि सकाळी शांत वाटलेले पाणी परतीच्या वेळी खवळलेले असू शकते. पाण्यावर जागोजागी पांढरे तुरे दिसू लागले की वारा 10 नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण 18.5 किलोमीटरच्या, आसपास पोहोचला आहे असे समजावे. लहान बोटीच्या नवख्या चालकाने तेव्हाच परत फिरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भरती-ओहोटीचा प्रवाह एका दिशेने आणि वारा त्याच्या विरुद्ध दिशेने असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि खाडीच्या किंवा नदीच्या मुखाशी तर त्या फारच बिकट असतात. ढगांचा गडगडाट ऐकू आला की वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकेल इतकी जवळ आहे असे धरून किनारा गाठावा.

वाहतुकीचे नियम 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत आहेत आणि ते लहान बोटींनाही लागू होतात. समोरासमोर आलेल्या दोन मोटरबोटींनी आपापल्या उजवीकडे वळायचे. वाट छेदली जात असेल तर जिच्या उजव्या बाजूला दुसरी मोटरबोट दिसते तिने वाट द्यायची. मागून पुढे जाणाऱ्याने दूर राहायचे. अरुंद जलमार्गात मोठ्या जहाजाच्या आड कधीही येऊ नये. ते जहाज चटकन थांबू शकत नाही आणि ते जिथून चालवतात त्या उंच कक्षातून अगदी जवळची छोटी बोट अनेकदा दिसतच नाही.

अडचण आली तर

इंजिन बंद पडणे ही सर्वांत नेहमीची अडचण आहे, आणि तिथे पहिला हात इंजिनाकडे जाणे हीच चूक ठरते. ताशी 1 सागरी मैल इतक्या मंद गतीनेही बोट वाहत राहिली, तर तासाभरात ती 1.85 किलोमीटर दूर गेलेली असते. म्हणून नांगर टाकता येण्याजोगी खोली असेल तर आधी नांगर टाकावा, दोर खोलीच्या निदान पाचपट सोडावा आणि तो नेहमी बोटीच्या पुढच्या टोकालाच बांधावा. मागच्या बाजूने नांगर टाकला तर इंजिनाच्या वजनाने दबलेल्या त्या बाजूवरून लाटा सरळ आत येतात.

बोट जागेवर थांबली की मग शांतपणे कारण शोधावे. बऱ्याचदा कारण अगदी साधे असते. किल स्विचचा चिमटा निसटला आहे का आणि गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, हे आधी पाहावे. इंजिन नीट सुरू झाले, काही मिनिटे चालले आणि मग गुदमरल्यासारखे होऊन थांबले, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला असण्याची दाट शक्यता असते. इंधन बाहेर जाते पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि पुरवठा तुटतो. नळीवरचा रबरी फुगा अशा वेळी चपटा होऊन बसलेला दिसतो. स्क्रू उघडायचा, फुगा कडक होईपर्यंत दाबायचा आणि पुन्हा सुरू करायचे, की काम होते. इंजिनाच्या बाजूने पडणारी पाण्याची बारीक धार थांबली असेल तर थंड करणारे पाणी पोहोचत नाही असा तिचा अर्थ असतो. इंजिन लगेच बंद करून पाणी ओढणाऱ्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ अडकले आहे का ते पाहावे. पंख्याजवळ हात नेण्यापूर्वी लाल दोरी काढून खिशात ठेवावी. वल्ही बोटीत हवीतच, पण जोराच्या वाऱ्याविरुद्ध ती फारशी चालत नाहीत. वाऱ्याला तिरके जाऊन आडोशाचा किनारा गाठण्यासाठीच त्यांचा खरा उपयोग होतो.

ट्यूबला छिद्र पडले तर वेग कमी करावा, माणसांना हळूहळू शाबूत बाजूकडे सरकवावे, फाटलेली जागा शक्यतो पाण्याच्या वर राहील असे पाहावे आणि जवळच्या किनाऱ्याकडे वळावे. लहान छिद्र असेल तर हातपंपाने मधूनमधून हवा भरत जाणे बहुधा पुरते. काही बोटींत कप्प्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या झडपा असतात. हवा भरून झाल्यावर त्या बंद केल्या नाहीत, तर एकाच छिद्रातून सगळ्या कप्प्यांची हवा जाते आणि कप्पे असण्याचा काही अर्थच उरत नाही.

माणूस पाण्यात पडला तर पाहणाऱ्याने ओरडून सर्वांना सांगावे आणि नजर न हलवता हाताने त्याच्याकडे बोट दाखवत राहावे. लाटांमध्ये पाण्याबाहेरचे डोके काही क्षणांत दिसेनासे होते. चालकाने गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा आणि माणूस ज्या बाजूला पडला त्याच बाजूला बोटीचे नाक वळवावे, म्हणजे मागचा भाग आणि पंखा त्याच्यापासून दूर जातो. परत जाताना वाऱ्याच्या खालच्या बाजूने, म्हणजे वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूने, नाक वाऱ्याकडे ठेवून अगदी सावकाश जवळ जावे. वरच्या बाजूने गेल्यास वारा ही हलकी बोट त्याच्या अंगावर लोटतो. हाताच्या अंतरावर येताच इंजिन पूर्ण बंद करावे. न्यूट्रलमध्येही काही इंजिनांचा पंखा थोडा फिरत राहतो.

त्याला आत घेणे हा कसोटीचा भाग आहे, आणि हवेची ट्यूब इथे मदतीला येते, कारण ती बुटकी आणि मऊ असते. त्याचे तोंड बोटीकडे करून दोघांनी त्याच्या जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरावेत, एक-दोन-तीन म्हणत त्याला थोडे खाली दाबावे आणि पाणी त्याला वर उचलते त्याच क्षणी मागे झुकून ओढावे. त्याची छाती ट्यूबवर आली की अर्धे काम झाले. मग त्याचा एक पाय धरून त्याला आत लोळवावे. तो दमलेला असेल तर दोराचा फास करून पायरीसारखा खाली सोडावा आणि दोराचे दुसरे टोक समोरच्या बाजूला बांधावे. बराच वेळ थंड पाण्यात राहिलेल्या माणसाला शक्य तितके आडवे ठेवूनच वर घ्यावे, कारण उभे उचलल्यास त्याचा रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

बोट उलटली तर आधी डोकी मोजावीत. कोणी बोटीखालच्या हवेच्या पोकळीत अडकलेले असू शकते. त्यानंतर किनारा कितीही जवळ वाटला तरी पोहत निघू नये. उलटी बोटही तरंगते, धरायला दोर असतात, आणि शोधणाऱ्यांना ती पाण्यातल्या एकट्या डोक्यापेक्षा कितीतरी लांबून दिसते. एका बाजूच्या दोराला लांब दोरी बांधून ती तळावरून विरुद्ध बाजूला घ्यावी आणि त्या बाजूच्या ट्यूबवर उभे राहून सगळे वजन मागे टाकावे. इंजिन लहान असेल तर बोट अशी सरळ होऊ शकते. नाहीच झाली तर तळावर चढून बसावे, कारण पाणी शरीराची उष्णता हवेच्या कितीतरी पट वेगाने काढून घेते.

पाणी 15 अंशांपेक्षा थंड असेल तर त्यात पडताच धाप लागते आणि श्वासावर ताबा राहत नाही. हा झटका साधारण एका मिनिटात ओसरतो, म्हणून त्या मिनिटात पोहण्याचा खटाटोप न करता तोंड पाण्याबाहेर ठेवून श्वास सावरावा. अति थंड पाण्यात पुढची सुमारे दहा मिनिटेच हातापायांत कामाची शक्ती असते. दोर बांधणे, शिटी काढणे, बोटीवर चढणे हे त्याच वेळात करून घ्यावे. गारठून शुद्ध हरपायला मात्र बहुधा तासाभराचा अवधी असतो, आणि ही माहिती घाबरलेल्या माणसाला धीर देणारी आहे.

मदत लवकर मागावी. हातात धरायचा जलरोधक व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे बोटींवरचा बोलण्याचा बिनतारी संच, असेल तर 16 क्रमांकाच्या वाहिनीवर जिवाला धोका असल्यास तीनदा मेडे, आणि धोका तितका तातडीचा नसल्यास तीनदा पॅन-पॅन म्हणावे. मग बोटीचे नाव, ठिकाण, काय घडले आहे आणि माणसे किती, हे याच क्रमाने सांगावे. ठिकाण आधी सांगण्याचे कारण असे की मध्येच संपर्क तुटला तरी शोध कुठे घ्यायचा हे कळलेले असते. मोबाइल जलरोधक पिशवीत, गळ्यात असावा. जवळ दुसरे काही नसेल तर दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करत राहावे. ही आंतरराष्ट्रीय नियमांत मान्य असलेली संकटाची खूण आहे. हातात धरायची लाल ज्योत पेटवायची झाल्यास ती वाऱ्याच्या खालच्या बाजूला, ट्यूबच्या बाहेर धरावी, नाहीतर तिचे जळते थेंब ट्यूबवर पडतात.

ही सगळी साधने भिजली किंवा हरवली तरी काम देणारी एक व्यवस्था किनाऱ्यावर करून ठेवता येते. कुठे जाणार, बोटीत कोण कोण आहे आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे एका जबाबदार माणसाला लिहून द्यावे आणि ठरलेल्या वेळेनंतर किती थांबून कोणाला फोन करायचा हेही त्याच कागदावर लिहावे. परत आल्यावर बोट वर ओढण्याआधी त्या माणसाला कळवावे, म्हणजे सुखरूप पोहोचलेल्या लोकांच्या शोधासाठी कोणाला पाण्यात उतरावे लागणार नाही.